ट्यूब नसलेल्या चाकात हवा राहते कशी?

सायकलच्या चाकात ट्यूब असते ती केवळ हवा कोंडण्यासाठी. रस्त्यावर घासण्याचे काम टायरचे. मग टायर आणि रिम यांनी मिळूनच हवा कोंडली तर? मोटारींच्या बाबतीत ही युक्ती १९५० च्या दशकातच रुळली. डोंगरी सायकलींत ती रुजायला मात्र १९९९ नंतरचा काळ यावा लागला. उशिराचे एक कारण रिमकडे पाहिले की कळते. मोटारीची रिम अखंड पत्र्याची असते. सायकलच्या रिमला दर आऱ्यागणिक एक भोक, म्हणजे २८ किंवा ३२ भोकांची चाळणीच!

बाभळीच्या काट्यांना कंटाळून आम्ही पहिल्यांदाच असे चाक बसवायला घेतले. (घरच्या जुन्या लोखंडी रिमवर हा प्रयोग करू नये. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही खास घडवलेले लागतात.) रिम स्पिरिटने पुसली, भोके झाकणारी चिकटपट्टी ताणून गुंडाळली, व्हॉल्व्ह बसवला, टायर चढवला आणि हातपंप मारू लागलो. शंभर दट्टे मारले, टायर ढिम्म!

थोडे गणित केल्यावर चूक उमगली. आमच्या रिमचा व्यास ६२ सें.मी., म्हणून परीघ सुमारे १९५ सें.मी. टायरचा काठ आणि रिम यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर फट असली तरी तिचे क्षेत्रफळ सुमारे १० चौ. सें.मी. भरते. म्हणजे जवळजवळ लिंबाएवढे भोक! आणि पंपाच्या एका दट्ट्यात हवा येणार पाव-अर्धा लिटर. भोक पडलेल्या बादलीत चमच्याने पाणी भरण्यासारखेच हे.

पण बादलीत आणि टायरमध्ये एक मोठा फरक आहे. टायरचे भोक भरता भरता स्वतःच बुजते. टायरच्या काठात न ताणले जाणारे एक कडे असते. रिमच्या मधोमध खोलगट चर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कट्टे. टायर चढवताना काठ चरात असतो, म्हणूनच तो सैल पडतो. आत दाब वाढू लागला की काठ बाहेर ढकलला जाऊन कट्ट्यावर चढतो आणि घट्ट बसतो. मग दाब जितका जास्त तितकी पकड पक्की. म्हणजे सुरुवातीचे एक-दोन सेकंद हवा येण्याचा वेग गळण्याच्या वेगापेक्षा जास्त हवा. ती पायरी ओलांडली की पुढे हातपंपही पुरतो.

म्हणून आम्ही व्हॉल्व्हमधली बारीक झडप काढून हवेचा मार्ग रुंद केला, काठाला साबणाचे पाणी लावले आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरने हवा सोडली. साबणाने काठ सहज घसरतो, शिवाय पातळ फटीवर पाण्याचा पडदाही धरतो. दोनदा ‘फट्’ असा आवाज आला आणि काठ बसले. नळी काढताच हवा निघून गेली, पण काठ जागचे हलले नाहीत. (काँप्रेसर वापरताना रिमवर आणि टायरवर छापलेल्या दाबांपैकी कमी असेल तो कधीही ओलांडू नये. टायर रिममधून उसळला तर इजा होते.)

मग उघड्या व्हॉल्व्हमधून सुमारे ८० मिलिलिटर पांढरा द्रव ओतला, झडप लावली, हवा भरली. हा द्रव म्हणजे मुख्यतः रबराचा चीक, त्यात बारीक कण मिसळलेले. काटा उपसला की बाहेर धावणारी हवा त्याला भोकाकडे ओढते, कण तिथे अडकतात आणि चीक गोठतो. काही महिन्यांत तो वाळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. तेव्हा पुन्हा घालावा लागतो.

तरीही सकाळी चाक बसलेलेच. साबणाचे पाणी फिरवले तर फुगे एका आऱ्याच्या मुळाशी आले. तिथली पट्टी तपासली, ती ठणठणीत होती. पट्टीला सुरकुती पडली होती ती व्हॉल्व्हपाशी, चार आरे पलीकडे. आमची रिम आतून पोकळ आहे. तिच्यात शिरलेली हवा वाट मिळेल तिथून बाहेर पडत होती. पट्टी नव्याने गुंडाळली, या वेळी दोन वेढे.