अंगठा कुठे टेकतो

बाळकुम नाक्यावरून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा ट्रक गेला की रस्त्यामागच्या गाळ्यांची शटरं बारीक थरथरतात. खर्जातला आवाज पारखायला ही जागा वरवर पाहता गैरसोयीची. पण भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्या, एक बरा अ‍ॅम्प, ड्रमचा संच आणि रात्रीपर्यंत आवाज चालवून घेणारे शेजारी एवढं जिथे मिळतं, तिथे वाजवणारे जमतात. अशा एका गाळ्यात मी चार बेस गिटार एका बैठकीत ऐकले आणि वाजवले. निमित्त होतं खरेदीचं. हळदीच्या आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या एका तरुणाला नवा बेस घ्यायचा होता. ऑर्केस्ट्रात उमेदीची वर्षं काढलेले एक काका त्याला म्हणाले होते, "दुकानात एकटा बसून वाजवशील तर सगळेच छान वाटतील. इथे घेऊन ये, ड्रमबरोबर ऐकू."

चारांपैकी एक काकांचा, फेंडरच्या प्रिसिजनच्या धर्तीचा. दुसरा फेंडरच्याच जॅझ बेसच्या, तिसरा म्युझिक मॅनच्या स्टिंगरेच्या घडणीचा. चौथा व्हायोलिनच्या आकाराचा आणि आखूड. मूळ कंपनीचा एकही नव्हता, पण घडण तीच होती, आणि तुलना घडणीची करायची होती.

तुलनेला शिस्त लागते. एकच वायर, एकच अ‍ॅम्प, त्याची सगळी बटणं मधोमध, आणि प्रत्येक बेसवर तोच ठेका. शिवाय ऐकणाऱ्यानेही एकाच जागी उभं राहायचं. ही शेवटची अट बहुतेक जण विसरतात. मोकळ्या ए तारेचा सूर सेकंदाला ५५ कंपनांचा असतो आणि हवेतली त्याची लाट साधारण वीस फूट लांब. गाळ्याची लांबीही जवळपास तेवढीच. त्यामुळे भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की ए अंगावर येतो, आणि पाच फूट पुढे सरकलं की तोच ए पोकळ होतो. बेस बदललेला नसतो, आपण हललेलो असतो. काकांनी खडूने जमिनीवर फुली मारली आणि ऐकणाऱ्याला तिथे उभं केलं.

पहिला फरक वाजवायच्या आधीच ऐकू आला. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू होतं. जॅझ बेसचं एकच पिकअप, म्हणजे तारेखालचं आवाज टिपणारं चुंबक-गुंडाळं, उघडं ठेवलं की अ‍ॅम्पमधून गुणगुण येऊ लागे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा, म्हणजे पडद्याचा, जी ४९ कंपनांचा. म्हणजे ही गुणगुण खालच्या जीच्या किंचित वर बसते आणि जी पट्टीतलं गाणं असेल तर सतत त्याच्याशी भांडते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडली की ती जाते, कारण दोघांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट असते. विजेची गुणगुण एकमेकीला खोडते, तारेचा सूर मात्र टिकतो. प्रिसिजनमध्ये हीच युक्ती १९५७पासून एका पिकअपचे दोन तुकडे करून साधलेली आहे. काकांच्या बेसमधून म्हणूनच काही आवाज आला नाही.

लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१चा. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उंच कॉन्ट्राबास, पडदे नसलेला. फेंडरने तार ३४ इंचांची केली, फ्रेट बसवले आणि सूर अचूक लागण्याची हमी नावातच दिली. जॅझ बेस १९६०मध्ये आला. वाजवणाऱ्याला या दोघांतला फरक आधी डाव्या हाताला कळतो. वरच्या टोकाशी प्रिसिजनचा जुना नेक पावणेदोन इंच रुंद, जॅझचा दीड. पाव इंच ऐकायला काहीच नाही. तळव्यात मात्र तो पूर्ण वेगळा माणूस भेटल्यासारखा वाटतो. तरुणाची बोटं लहान. प्रिसिजनवर तो सावकाश, मोजके सूर वाजवत होता. जॅझ हातात येताच त्याच ठेक्यात त्याने मधले दोन-तीन सूर आपोआप भरले. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघ, टोन नंतर. आधी तो वाजवतोय काय ते बदललं."

पुढचा तासभर मी त्याचा उजवा हात बघत राहिलो, आणि माझं मत तिथेच बनलं. बेसचा टोन लाकडात किती आणि वायरिंगमध्ये किती यावर लोक रात्री जागवतात. माझ्या मते या वाद्यांनी ठरवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उजव्या हाताचा अंगठा कुठे टेकणार. प्रिसिजनला पिकअप एकच, तारेच्या मधल्या भागाकडे. अंगठा त्याच्यावर बसतो. तिथे तार सैल लागते, छेडल्यावर रुंद झोका घेते आणि मूळ सूर भरपूर उमटतो. स्टिंगरेचं जाडजूड पिकअप ब्रिजकडे सरकलेलं. अंगठा त्याच्यावर ठेवला की बोटं तारेच्या ताठ भागावर येतात, झोका लहान होतो आणि वरचे उपसूर पुढे येतात. स्टिंगरे कडक वाजतो असं म्हणतात. त्यातला बराचसा कडकपणा हात मागे गेल्याचा आहे. तरुणाला मी अंगठा उचलून नेकच्या शेवटाशी ठेवायला सांगितलं. पिकअप तेच, अ‍ॅम्प तोच, तरी आवाज इतका गोल झाला की ड्रमवर बसलेल्या मुलाने मान वर करून पाहिलं. पिकअपच्या जागेचा स्वतःचा परिणाम उरतोच, तो पुसला जात नाही. पण हाताचा वाटा त्याहून मोठा निघाला.

स्टिंगरेबद्दल एवढंच पुरे. १९७६मध्ये म्युझिक मॅनने तो आणला, आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि बेस-ट्रेबल वाढवणारं सर्किट. स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवायला, त्याला तोड नाही. पण बॅटरी उतरली की आवाज फाटतो, म्हणून वायर रात्रभर लावून ठेवायची नाही आणि कार्यक्रमाला जाताना खिशात दुसरी बॅटरी हवी.

आखूड बेसने मला चकित केलं. पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर याच आकाराचा, तार ३० इंचांची. पहिला फ्रेट लांब बेसवर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर दूर, इथे त्रेचाळीसच्याही आत. तोच सूर आखूड तारेतून काढायचा तर ताण कमी ठेवावा लागतो, म्हणून तार मऊ लागते. ई तारेवर जोर दिला तर सूर क्षणभर चढतो आणि मग खाली बसतो. याला हलका हात हवा. हलक्या हाताने तो असा भरीव, दबका आवाज देतो की त्याच्यावर गाणाऱ्याला भरपूर जागा मिळते.

मग काकांनी तारांचा विषय काढला. त्यांच्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड तारा होत्या, म्हणजे वरचं वेष्टण चपट्या पट्टीचं, हाताला काचेसारखं गुळगुळीत. त्या बदलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सनही प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वापरी, जुन्या झाल्या तरी ठेवी आणि उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवी. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बेसवर टोनी वाझ असत. त्या काळच्या गाण्यांचा बेस ऐकलेल्या पिढीच्या कानाला गोलाईच खरी वाटते. तरुणाचा कान वेगळ्या आवाजावर वाढलेला. मुंबईच्या बेसवादक मोहिनी डे यांची बोटं स्क्रीनवर बघत शिकलेल्या मुलांना प्रत्येक सुराची कड ऐकू यायला हवी असते.

काकांची हरकत नव्हती, म्हणून आम्ही त्यांच्याच बेसवर नव्या राउंडवाउंड, म्हणजे गोल वेष्टणाच्या, तारा चढवल्या. बेस तोच, पिकअप तेच, हातही काकांचाच. आवाज ओळखू येईना. खणखणीत, तारेवर बोट घासल्याचा आवाज वेगळा, आणि जोरात छेडलं की तार फ्रेटवर टेकून झणझण करणारी. हा शेवटचा आवाज मी लहानपणापासून तानपुऱ्यात ऐकत आलोय. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला इतका सूक्ष्म उतार देतात की तार तिच्यावर निसटती घासत राहते, आणि खाली दोरा सरकवून जवारी खुलवतात. खर्जाची तार तेव्हा एकटी वाजत नाही, तिच्यातून वरचे सूर उमलतात. बेसवर फ्रेटजवळ उतरवलेली राउंडवाउंड तार हेच ओबडधोबडपणे करते. अडाण्याने केलेली अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, खडखडते, जाणत्याने केलेली गाते. चौघांपैकी कुठल्याही दोन बेसमध्ये जेवढा फरक होता, त्याहून जास्त फरक त्या चार तारांनी एकाच बेसमध्ये केला. नवा बेस घ्यायच्या आधी दुसऱ्या जातीच्या तारा लावून बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. लाकडावरच्या चर्चा त्यानंतर.

काकांचा बेस वाजवायला जड लागत होता, तार फ्रेटपासून उंच. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत नेकचं लाकूड ओल धरतं आणि चारही तारांच्या सत्तरएक किलो ताणाखाली पुढे वाकतं. नेकच्या आतली त्याला सरळ ठेवणारी सळई, ट्रस रॉड, अ‍ॅलन कीने पाव फेरा आवळली, थोडा वेळ थांबलो, पुन्हा सुरात लावला. तार खाली आली आणि काकांची बोटं मोकळी झाली.

आता ड्रम सुरू झाला. एकटा ऐकताना सगळ्यांना आवडलेला जॅझचा दोन्ही पिकअपचा आवाज, मधला भाग खोलगट आणि वरचा चमकदार, ड्रम आणि कीबोर्ड आले तसा दिसेनासा झाला. तळाशी किक ड्रम, वर झांजा, आणि बेसची जागा होती त्या मधल्या भागात काहीच नाही. प्रिसिजन एकटा असताना साधा, थोडा नाकातला वाटला होता. सगळ्यांत तोच स्पष्ट उभा राहिला. तरुणाने जॅझचं मागचं पिकअप थोडं कमी केलं आणि जॅझही परत आला, गुणगुण मात्र थोडी घेऊनच. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कारण आणखी उघड झालं. ई तारेचा मूळ सूर ४१ कंपनांचा, फोनच्या स्पीकरला तो झेपतच नाही. त्याच्या पटीतले बरेच वरचे उपसूर कानाला मिळतात आणि खालचा सूर मेंदू स्वतः जुळवतो. लोक गाणी फोनवर ऐकतात. ज्या बेसचा मधला आवाज भरलेला, तोच तिथपर्यंत पोहोचतो.

तरुणाने जॅझच्या धर्तीचा घ्यायचं ठरवलं, नेकसाठी. तारा फ्लॅटवाउंड, काकांच्या आग्रहाने. काकांनी त्याला पट्टा लावून उभं राहायला लावलं. हळदीत बसून वाजवायला कोणी देत नाही. तो उभा राहिला तसा बेस मांडीपर्यंत उतरला, मनगट मुरडलं, पिकअपवरचा अंगठा सुटून हात पुढे सरकला, आणि आवाज लगेच ढिला झाला. तो अ‍ॅम्पच्या बटणाकडे वळला. काकांनी त्याला थांबवलं, पट्टा चार बोटं आखडला आणि ड्रमवाल्याला पुन्हा एकपासून मोजायला सांगितलं.