काटकसरीचे शिक्षण : टंचाईपासून पाठ्यपुस्तकापर्यंत

विसाव्या शतकातील महाराष्ट्रात वस्तू वाया न घालवण्याचे शिक्षण मुलांना शाळेपेक्षा घरातून अधिक मिळाले, आणि तेही उपदेशापेक्षा कामातून. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होई, शिळ्या भाताला फोडणी मिळे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई, आणि उरलेले कपडे बोहारणीला, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीला, दिले जात. वर्षाअखेरीस वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची नवी वही शिवणे आणि जपून वापरलेली पाठ्यपुस्तके धाकट्या भावंडांकडे किंवा अर्ध्या किमतीत दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवणे, ही कामे मुले स्वतः करीत असल्यामुळे वस्तूचा पुढचा टप्पा त्यांना डोळ्यांसमोर दिसे.

या शिस्तीला टंचाईचा आधार होता. 1943 मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि घरात येणारे धान्य शिधापत्रिकेवर मोजले जाऊ लागले. 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आणि 1972 च्या दुष्काळात आयात केलेला मिलो, म्हणजे तांबूस रंगाची ज्वारी, तसेच दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी हा पूरक आहार ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीच्या स्मरणात पक्का बसला. पानात टाकू नये, या सांगण्याचे कारण अशा काळात मुलांना वेगळे समजावून द्यावे लागत नसे.

टंचाईखेरीज विचारांचाही एक प्रवाह होता. 1937 मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या ‘नई तालीम’ या पद्धतीत उत्पादक हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम मानले गेले. टकळीवर कातलेल्या सुताची मोजणी हा तिच्यात गणिताचाही पाठ ठरे, त्यामुळे कापसाची नासाडी हा केवळ नीतीचा प्रश्न न राहता हिशेबाचाही होई.

मात्र त्या काळाकडे निव्वळ कौतुकाने पाहणे योग्य ठरणार नाही, कारण काटकसरीचा भार सर्वांवर सारखा नव्हता: शिळे-उरलेले बहुधा स्त्रिया व मुलींच्या वाट्याला येई, आणि जुन्यातून नवे करण्याचे विनामोबदला श्रमही त्यांचेच असत.

1991 नंतरच्या आर्थिक उदारीकरणात मध्यमवर्गीय घरांतील वस्तूंची संख्या वाढत गेली, निब बदलून वर्षानुवर्षे चालणाऱ्या शाईच्या पेनाची जागा संपताच फेकून देण्याच्या बॉलपेनाने घेतली आणि दुरुस्तीपेक्षा नवी खरेदी सोपी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शालेय अभ्यासक्रमात पर्यावरण शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा काटकसरीचे कारणही बदलले: अन्नाविषयीचा आदर आणि घरची ओढाताण यांच्या जागी पृथ्वीची मर्यादित साधनसंपत्ती आली. जगात 2022 मध्ये सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घरांतले होते, हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आजच्या विद्यार्थ्याला सांगता येतो. पूर्वीच्या मुलाला असे काही ठाऊक नव्हते, पण वस्तू जपण्याचे काम तो स्वतः करीत असे.

ज्ञान आणि व्यवहार यांतील अंतर खुद्द पाठ्यपुस्तकांतही दिसले. दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी 2023 पासून राज्यातील पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. मुलांच्या दप्तरातील वह्या कायम राहिल्याने ही योजना 2025 मध्ये मागे घेण्यात आली. हेतू चांगला असला, तरी लिहून भरलेले पुस्तक पुढच्या विद्यार्थ्याला देण्याजोगे उरत नाही, याचा विचार त्या रचनेत मागे पडला.

या वाटचालीवरून असे म्हणता येते की आज माहितीपेक्षा जबाबदारीची उणीव अधिक आहे. टंचाई परत यावी अशी इच्छा कोणी धरणार नाही. परंतु किती शिजवावे, काय विकत घ्यावे आणि काय दुरुस्त करावे, या निर्णयांत मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, वाटा दिला, तर पूर्वी परिस्थितीने लादलेली सवय आता समजून-उमजून रुजवता येईल.