रस्त्याच्या अलीकडे

टोल रोडवरून ७७ नंबरच्या एक्झिटला उतरलो आणि गाड्यांच्या रांगेत अडकलो आहोत. शिकागो सोडल्यापासून मोबाइलचं घड्याळ मध्येच एक तास पुढे गेलंय, कारण इंडियानातलं साउथ बेंड पूर्वेच्या वेळेवर चालतं. आजूबाजूच्या गाड्यांवर हिरवे, निळे, सोनेरी झेंडे फडफडतायत. नोटर डेमच्या मैदानावर आज सामना आहे. फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या त्यांच्या फुटबॉलचा. ७५ हजारांहून जास्त माणसं बसतील असं ते स्टेडियम, आणि सगळ्यांना डावीकडेच वळायचंय. आम्ही तेवढे उजवीकडे वळतो.

"बघ, संपलं ट्रॅफिक," भावोजी म्हणतात.

खरंच संपलंय. समोर सरळ रस्ता, दुतर्फा जुनी उंच झाडं. या रस्त्याला इथे नुसतं 'ॲव्हेन्यू' म्हणतात, पुढे-मागे नाव लावायची गरज कुणाला वाटत नाही. ऑक्टोबर असल्यामुळे पानं निम्मी झाडावर, निम्मी जमिनीवर. झाडांच्या वर ल मान्स हॉलचा विटांचा मनोरा दिसतोय. सेंट मेरीज कॉलेज. मुलींचं, कॅथलिक, आणि बहुतेक सगळ्यांनी आवारातच राहायचं अशा रीतीचं. पदवीच्या विद्यार्थिनी दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजच्या एकट्या कॉमर्सला एवढ्या सापडतील.

ताईची ऋचा इथे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती ल मान्स हॉलच्या दारात उभी आहे, पायात मोजे आणि सपाता. ताईला मिठी, मला मिठी, भावोजींच्या हातातली पिशवी आधी ताब्यात. पिशवीत मेतकूट, लसणाची चटणी आणि एक डबा ज्याबद्दल ताई गाडीत तासभर बोलत होती.

आत शिरताच डेस्क. डेस्कमागे एक विद्यार्थिनी, पुढ्यात पुस्तक उघडं, त्यावर हायलायटर. ताई आणि मी सरळ आत. भावोजींना मात्र थांबवलं जातं. ओळखपत्र, नाव, कुणाकडे, किती वाजता. साठी ओलांडलेला माणूस खिशातून लायसन्स काढून एका वीस वर्षांच्या मुलीला दाखवतोय आणि ती ते नीट निरखून बघतेय. ऋचा हसत नाही, मुलगी हसत नाही; हसते फक्त ताई. माझ्या पिढीच्या पुण्यातल्या होस्टेलवर भेटायला आलेल्या सख्ख्या भावालाही फाटकाशी उभं करत, पण ते उभं करायला एक बाई असायच्या, चष्म्यातून बघणाऱ्या. इथे ते काम मुलींकडेच आहे.

ल मान्स हॉल १९२५ च्या सुमाराचा. खाली कार्यालयं, दिवाणखाने, चॅपल, आणि वर मुलींच्या खोल्या, सगळं एकाच छताखाली. लांबलचक व्हरांडे, जाड दरवाजे. प्रत्येक दारावर रंगीत कागदाची पाटी आणि राहणाऱ्या मुलींची नावं. एका दारावर चिठ्ठी: 'उद्या परीक्षा. मेले तरी उठवा.' एका मजल्यावर भूत आहे म्हणे. कुठल्या, यावर एकमत नाही. जुनं होस्टेल म्हटलं की भूत आलंच. फर्ग्युसनच्या मुलीही सांगायच्या.

ऋचाची खोली छोटी आहे. खिडकीखाली हीटर, हीटरवर वाळत घातलेला ॲप्रन. टेबलावर औषधांच्या मात्रांचे हिशेब लिहिलेली कार्डं, रबर बँड लावून. बाजूला पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचं पुस्तक. हे इथे कसं? धर्माचा अभ्यास इथे सगळ्यांनाच करावा लागतो, नर्सिंगवाल्यांची त्यातून सुटका नाही. त्यासाठी ऋचाने निबंधाला रमाबाई घेतल्यात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी पत्रांतून घातलेला वाद तिला फार आवडलाय. त्या सिस्टर अँग्लिकन, इथल्या कॅथलिक, त्यामुळे निबंधात आधी तो फरक समजावण्यातच दोन पानं गेली, अशी तिची तक्रार.

"मावशी, बाई बाप्तिस्मा घेतात आणि वर पुन्हा नन्सशीच भांडतात! कसलं भारी!"

हे वाक्य ती एका कॅथलिक होस्टेलच्या खोलीत, भिंतीवरच्या क्रूसाखाली बसून मोठ्या आवाजात म्हणतेय आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

तिच्या बोटात कॉलेजची अंगठी आहे. मी हात ओढून जवळून बघते. सोन्याची, जडशी, वर फ्रेंच धाटणीचा क्रूस. "मंगळसूत्रापेक्षा हिला जास्त जपते," ताई म्हणते. विमानतळावर, दवाखान्यात, कुठेही ही अंगठी दिसली की अनोळखी बाई येऊन बोलायला लागते, असं ऋचाचं म्हणणं. परवाच तिच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने तिचं बोट धरलं आणि आपलं वर्ष सांगितलं.

जेवायला वेळ आहे म्हणून आम्ही नदीकडे चालत निघालो आहोत. वाटेत लेक मेरियन, तळं कसलं, मोठं डबकंच, पण मधे बेट आहे आणि बदकं आहेत. पलीकडे होली क्रॉसच्या सिस्टरांचं मठघर. त्यामागे उतार आणि सेंट जोसेफ नदी. नदी इथे उत्तरेकडे वाहते, मिशिगन राज्यात शिरते, आणि थोड्याच अंतरावर बर्ट्रंड नावाचं खेडं लागतं. कॉलेजचा जन्म तिथला.

गोष्ट अशी की १८४२ मध्ये फादर सोरिन यांनी रस्त्यापलीकडे नोटर डेम काढलं. कॉलेजात मुलगे आले, पाद्री आले, ब्रदर आले. त्यांचा स्वयंपाक कोण करणार, कपडे कोण धुणार, फाटलेलं कोण शिवणार? १८४३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सहून चार सिस्टर बोलावल्या, त्या या कामाला. मनोऱ्याच्या इमारतीला जे नाव आहे ते त्या गावाचं. सिस्टरांना स्वतःची शाळा आणि नव्या मुलींना दीक्षा देण्याची सोय हवी होती, पण त्या हद्दीचे बिशप परवानगी देईनात. तिथे दुसऱ्या एका संघाच्या सिस्टर आधीपासून काम करत होत्या. मग यांनी राज्याची सीमा ओलांडली. पलीकडे मिशिगनमध्ये बिशप वेगळे. १८४४ मध्ये बर्ट्रंडला शाळा सुरू झाली आणि १८५५ मध्ये ती या नदीकाठी आली. आपल्याकडे अण्णा कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली ती १९०० साली.

धुणं धुवायला आलेल्या बायकांनी शाळा काढली, हे मला त्या ऐटबाज मनोऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ऋचाला मात्र पुढचा भाग आवडतो. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि इंडियानाच्या गव्हर्नरनी परिचारिका मागितल्या. शाळेच्या प्रमुख मदर अँजेला गिलेस्पी सिस्टरांना घेऊन निघाल्या. परिचर्येचं शिक्षण कुणाचंच झालेलं नव्हतं. युद्ध संपेपर्यंत होली क्रॉसच्या ऐंशीएक सिस्टरांनी जखमी सैनिकांची सेवा केली. शत्रूकडून जिंकलेली 'रेड रोव्हर' नावाची आगबोट अमेरिकी आरमाराने इस्पितळ म्हणून वापरली, तिच्यावरही याच होत्या.

"आणि आजीला वाटतं नर्सिंग म्हणजे कमी दर्जाचं," ऋचा म्हणते.

ताई नदीकडे बघते. आजीला एकटीलाच तसं वाटत होतं असं नाही, हे आम्हा तिघींनाही माहीत आहे. चार वर्षांपूर्वी ताईने मला फोनवर 'डॉक्टर का नाही?' हा प्रश्न किती वेळा विचारला होता! मी आता तिला एवढंच सांगते की डॉना ख्रिस्टेन्सन इथूनच शिकून डॉक्टर झाल्या आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचलेल्या पहिल्या महिला डॉक्टर ठरल्या. ताईला हे उत्तर पटत नाही, ऋचाला तर मुळीच नाही. "मावशी, मला डॉक्टर नाही व्हायचंय!"

जेवणघरात मात्र गजबज. ताटं, काटे, उकडलेल्या अंड्यांचा वास, वॉफलच्या यंत्रापुढे रांग. शेजारच्या टेबलावर एक मुलगी नोटर डेमच्या बँडच्या गणवेशात बसलीय. टोपी खुर्चीवर, गळ्याची गुंडी उघडी, एका हाताने खातेय आणि दुसऱ्या हाताने डागाळू नये म्हणून छातीवर नॅपकिन धरलाय. वाजवायला पलीकडे जायचं, राहायचं इकडे. बँड दोन्हीकडचा मिळून, 'ऑब्झर्व्हर' हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्रही सामायिक, शेजारचं होली क्रॉस कॉलेजही त्यात. मधे मोटारींचा एक रस्ता.

त्या रस्त्यावरून जुनी चिडवाचिडवी आहे. पलीकडच्या मुलांना गाठायला या इकडे येतात, वगैरे. मुलींच्या कुठल्या कॉलेजबद्दल असं बोलत नाहीत? बँडवालीला विचारते तर ती घास गिळून म्हणते, "आता कमी झालंय. आमच्यापेक्षा त्यांच्याकडेच मुली जास्त आहेत!"

ही 'त्यांच्याकडे मुली' येण्याचीच कथा खरी रंगतदार. १९६५ पासून दोन्हीकडचे विद्यार्थी एकमेकांच्या वर्गांना बसू लागले होते. मे १९७१ मध्ये जाहीर झालं की दोन्ही संस्था एक होणार. वर्तमानपत्रांत आलं, मुलींनी मनाची तयारी केली. पण पैसा कुणाचा, कारभार कुणाचा, सेंट मेरीजचं वेगळेपण उरणार की नाही, यावर गाडी अडली आणि नोव्हेंबरात लग्न मोडलं. नोटर डेमने १९७२ पासून स्वतःच पदवीच्या वर्गांना मुली घेतल्या. पुष्कळांना वाटलं, आता अलीकडच्या दुकानाला कुलूप. लागलं नाही. अमेरिकेत त्या दशकात मुलींची कितीतरी कॉलेजं मुलग्यांना घेऊन, मोठ्या शेजाऱ्यात विरघळून किंवा बंद पडून संपली. हे संपलं नाही याचं बरंचसं श्रेय मी त्याआधीच्या एका बाईंना देईन.

त्यांचं नाव सिस्टर मॅडेलिव्हा वुल्फ. १९३४ ते १९६१, सत्तावीस वर्षं कॉलेजच्या अध्यक्ष. कवयित्री, बर्कलीची डॉक्टरेट, ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या. त्या काळी कॅथलिक जगात धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण घ्यायचं तर पाद्री व्हावं लागे. नन्सना, बायकांना दारं बंद. सिस्टर मॅडेलिव्हांनी कुणी दार उघडायची वाट पाहिली नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांनी इथेच पदव्युत्तर धर्मशास्त्राचं विद्यालय सुरू केलं. पुढे इतर विद्यापीठांनी बायकांना घ्यायला सुरुवात केल्यावर ते मिटलं. एवढं स्वतःच्या हिमतीवर केलेलं घर १९७१ मध्ये सहज दुसऱ्याच्या नावावर चढणार नव्हतंच.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बातमी आली की स्त्री म्हणून जगणाऱ्या ट्रान्स विद्यार्थिनींनाही कॉलेज प्रवेश देणार. स्थानिक बिशपांनी जाहीर नापसंती दाखवली, माजी विद्यार्थिनींत दोन तट पडले, आणि डिसेंबरात निर्णय मागे घेतला गेला. टेबलावर हा विषय निघतो तेव्हा पाच मुलींची पाच मतं बाहेर पडतात. एक म्हणते, घेतला होता तर टिकवायचा. दुसरी म्हणते, मुलींचं कॉलेज म्हणून मी इथे आले, माझ्याशी आधी बोलायचं. आवाज चढतात. कुणी कुणाला थांबवत नाही, आणि थोड्या वेळाने त्याच पाच जणी एका पसरट ताटलीतला केक वाटून घेतायत. मला स्वतःला महिनाभरात जाहीर होऊन फिरवलेला तो निर्णय दोन्ही बाजूंनी भित्रा वाटतो. महिनाही टिकवता येत नसेल तर मुलींना आशा तरी का लावायची?

दुपार उतरतेय. स्टेडियमवरून मोठा गलका ऐकू येतो, म्हणजे पलीकडे कुणीतरी गुण मिळवलेत. जेवणघरातल्या निम्म्या मुली मोबाइल बघतात, उरलेल्या बघत नाहीत. ऋचाला सोमवारी पहाटे इस्पितळात ड्यूटी आहे. त्याआधी आज संध्याकाळी मजल्यावरच्या मुलींची बैठक आहे, वॉशिंग मशीनमध्ये कपडे विसरणाऱ्यांचं काय करायचं याची. अध्यक्ष ऋचा. बैठकीची विषयपत्रिका तिने दारावर लावलीय, वेळेसकट, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी केक उरणार नाही अशी तळटीपही आहे.

भावोजी डेस्कवर परत जाऊन सही करून बाहेर पडतात. ताई विचारते, "मुलगे नसल्याने हिचं काही बिघडलं का रे?" भावोजी गाडीची किल्ली शोधतायत.

माझं उत्तर मी इथे देते, कारण मुलीच्या प्रवेशाची चौकशी करणारे पालक मला पुण्यात हमखास विचारतात. खर्च मोठा आहे. सवलत धरली नाही तर शिकणं आणि राहणं मिळून वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जातं, त्यामुळे आर्थिक मदतीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. कॅथलिक आहे म्हणून घाबरू नका आणि मुलींचं आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. मुलीला एकदा प्रत्यक्ष घेऊन जा, जेवणघरात तिला एकटीला तासभर बसवा आणि तुम्ही बाहेर थांबा. आणि फुटबॉलच्या शनिवारी जाणार असाल तर सकाळी लवकर निघा.