एक नोंद, एकच जागा

उन्हाळी सुट्टीत आम्ही काही माजी विद्यार्थी विद्यापीठात ‘डेटाबेस व्यवस्थापन’ हा विषय शिकलो. त्यातील एक तत्त्व आपल्या वसतिगृहातील प्रत्येकाच्या उपयोगाचे असल्याने येथे मांडत आहोत.

माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवावी, हा सिद्धान्त आयबीएममधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केला. त्याचे मर्म साध्या उदाहरणाने समजते. वसतिगृहाची नोंदवही, निकालपत्रक आणि शिष्यवृत्तीची यादी यांत विद्यार्थ्याचे नाव निरनिराळे लिहिले, तर एके ठिकाणी ‘सिद्धार्थ’ व दुसरीकडे ‘सिध्दार्थ’ असे होण्याचा संभव असतो. वाचणाऱ्याला हा मुलगा एकच वाटतो. संगणकाला मात्र ती दोन भिन्न नावे दिसतात आणि अर्ज अडून राहतो.

यावर उपाय असा, की प्रत्येक विद्यार्थ्यास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. यालाच ‘प्रायमरी की’ म्हणतात. नाव व जन्मतारीख एकाच तक्त्यात असावी. इतर तक्त्यांत केवळ तो क्रमांक यावा. मग दुरुस्ती एकदाच करावी लागते आणि ती सर्वत्र लागू होते. अर्थात, ती पहिली नोंद अचूक असणे अत्यावश्यक ठरते.

ज्यांच्या घरी कागदपत्रांचा पाठपुरावा करणारे कोणी नसते, त्यांना एका जोडाक्षराची तफावत वर्षभराच्या शिष्यवृत्तीला मुकवू शकते. म्हणूनच हे शास्त्र आपल्या मुलामुलींनी अवश्य आत्मसात करावे, असे आम्हांस वाटते.