गाभोळीचं पंचांग

शीळफाट्याला मुंब्र्याकडून येणारा जुना महामार्ग, महापेचा रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता एकमेकांत अडकतात आणि त्यांच्या मधोमध आपण अडकतो. पण जूनमधला पहिला दणकट पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी या कोंडीचाही एक फायदा होतो. रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेल्या आगरी मावशीकडचे वलगणीचे मासे निवांत बघता येतात. पहिलं पाणी ओढ्यांना लागलं की तळ्याडबक्यांतले मासे प्रवाहाविरुद्ध चढत भातखाचरांत अंडी घालायला निघतात. ठाणे-रायगडात ही वलगण, तळकोकणात हेच चढणीचे मासे.

गेल्या खेपेला पाटीत शिंगी होती. काळपट, लांबोडकी, मिशाळ, आणि कल्ल्यामागच्या काट्याचा दंश विसरता न येणारा. मावशीनं तिचं पोट अंगठ्यानं दाबून दाखवलं. ‘‘गाभोलीनं भरलंय, दादा. पयल्या पावसाचं हाय.’’

घरी आणून चिरली. पोटात आतड्याला जागा उरलेली नव्हती. दोन्ही बाजूंना हिरवट झाक असलेल्या दाण्यांच्या पिशव्या, एकेक दाणा राजगिऱ्याहून जरा मोठा. हीच शिंगी जानेवारीत चिरली असती तर त्या जागी दोन बारीक गुलाबी दोऱ्या दिसल्या असत्या. म्हणजे पाऊस पडला परवा रात्री आणि पोटातलं पीक मात्र काही महिन्यांचं. मग ‘पावसाची गाभोळी’ पावसाआधी भरायला कुणी सांगितली?

उत्तराचा एक भाग माशाच्या टाळूखाली आहे. बऱ्याच माशांच्या कवटीत वरच्या बाजूला एक जागा पातळ, अर्धपारदर्शक असते आणि तिच्याखाली पिनिअल ग्रंथी. आपल्या पिनिअलला उजेडाची बातमी डोळ्यांमार्फत कळते, माशाच्या पिनिअलमधल्या पेशींना तो थेट दिसतो. अंधार पडला की ही ग्रंथी मेलॅटोनिन सोडते, उजाडलं की थांबते. रात्र मोठी तर मेलॅटोनिन जास्त वेळ, रात्र आखूड तर कमी वेळ. रोजची ही नोंद म्हणजे माशाच्या रक्तातलं पंचांगच. या कामात पिनिअल एकटी नाही. मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या मागे, पुष्कळ माशांत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक लहानशी पिशवी असते. शरीररचनेच्या पुस्तकांत ती शतकानुशतकं नुसती काढलेली होती, काम कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मासू सामन माशावर काम करून दाखवलं, की दिवस किती तासांचा आहे हे ही पिशवी स्वतः ओळखते. ती काढून टाकली तर दिवस लहान-मोठा झाल्याचा जननग्रंथींवर एरवी दिसणारा परिणाम दिसेनासा होतो.

पंचांग वाचून झाल्यावरचं काम साखळीचं. मेंदूतला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो. ते मिळालं की पीयूषिका आपली दोन संप्रेरकं सोडते, एक सुरुवातीच्या महिन्यांत कामाला येणारं, दुसरं शेवटच्या काही तासांत. पहिल्यामुळे अंडाशयात एस्ट्राडायॉल तयार होतं. ते रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत पिवळ्या बलकाचा कच्चा माल करू लागतं. म्हणजे गाभोळी अंडाशयात दिसत असली तरी तिचं स्वयंपाकघर यकृतात असतं. तिथून माल रक्तानं वाहून अंड्यांत भरला जातो, दाणा दाणा फुगत जातो. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. दुसरं संप्रेरक मात्र अगदी शेवटी उसळी घेतं आणि भरलेली अंडी पक्व होऊन सुटतात. पाऊस, गढूळ पाणी, प्रवाह यांचं काम या शेवटच्या उसळीपुरतं.

आता ठाण्याच्या अक्षांशावर एक अडचण आहे. आपल्याकडे २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. फरक सव्वादोन तासांचा. नॉर्वेतल्या बर्गनला उन्हाळ्यात एकोणीस तासांचा दिवस आणि हिवाळ्यात सहाचाही नाही. तिथल्या माशाला पंचांग मोठ्या टाइपात छापून मिळतं. शीळच्या डबक्यातल्या शिंगीला मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम मिनिटभर वाढतो, तेवढ्यावर भागवायचं. भागतं का?

हा प्रश्न नेमका शिंगीलाच विचारला गेला. दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि वसल यांनी १९७० च्या दशकात या माशाचं वर्ष उलगडलं. फेब्रुवारी ते एप्रिल तयारी, मे-जून भरणी, जुलै-ऑगस्ट अंडी, मग पुढे जानेवारीपर्यंत सामसूम. टाक्यांत दिवस लांबवून आणि पाणी कोमट करून पाहिल्यावर दोन्हींचा परिणाम दिसला, पण पारडं जड निघालं ते तापमानाचं. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की प्रकाश आणि तापमान एकसारखं ठेवलेल्या शिंगीतही अंडाशयाचं वर्षाच्या आसपासचं चक्र चालूच राहिलं. म्हणजे घड्याळ आत असतंच. ऊन आणि उजेड ते रोज जुळवून देतात. उष्ण कटिबंधातल्या माशाबद्दल ‘सगळं दिवसाच्या लांबीवर’ असं लिहिणारे लेख वाचले की मला म्हणूनच शंका येते. ते थंड देशांचं पाठ्यपुस्तक असतं.

त्या थंड देशांत हे ज्ञान सरळ धंद्यात उतरलं आहे. सामन हा शरदात अंडी घालणारा मासा. समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढणारा सामन लवकर वयात आला तर खाल्लेलं सगळं जननग्रंथींकडे वळतं, मांस फिकट आणि मऊ पडतं, भाव कोसळतो. म्हणून नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पिंजऱ्यांत पाण्याखाली रात्रभर दिवे लावतात. माशाचं आतलं वर्ष पुढे सरकतं. यंदा वयात यायचं की नाही हे ठरवण्याची वेळ त्याच्यावर आधीच येते, तेव्हा अंगात पुरेशी चरबी नसते आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. ट्राउटच्या बाबतीत हेच उलटं वापरतात. दिवस आधी लांबवून मग आखडले की शरद लवकर आल्याचा भास होतो आणि वेगवेगळ्या टाक्यांतून वर्षभर अंडी मिळतात.

आपल्याकडची गरज निराळी. रोहू, कटला, मृगळ हे नदीतले मासे तळ्यात वाढतात, गाभोळी धरतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी सोडत नाहीत. पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी सोडायला लावून दाखवलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचाच. त्या वेळची पद्धत म्हणजे माशाचं डोकं फोडून ती चिमुकली ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये टिकवायची, खलून पाण्यात मिसळायची आणि मादीला सहाएक तासांच्या अंतरानं दोनदा टोचायची. आता तयार इंजेक्शन मिळतं, एकदाच टोचलं की पुरतं. त्यात हायपोथॅलॅमसच्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल असते आणि जोडीला डॉम्पेरिडोन. हो, उलटी थांबवायला आपण घेतो तेच. माशाच्या मेंदूतलं डोपामिन शेवटच्या उसळीला ब्रेक लावून धरतं, डॉम्पेरिडोन तो ब्रेक सोडवतं.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. हे इंजेक्शन म्हणजे बाटलीतला पाऊस आहे, बाटलीतला उन्हाळा नव्हे. डिसेंबरात मादीला टोचलं तर काहीच होणार नाही, कारण सोडायला आत काही भरलेलंच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बीज हवं असेल तर आधीचे कित्येक आठवडे प्रजनक माशांना दिव्यानं मोठा दिवस आणि हीटरनं कोमट पाणी द्यावं लागतं. भारतीय कार्पवर असे प्रयोग झाले आहेत आणि ऋतूबाहेर अंडीही मिळाली आहेत. आपल्या शेततळेवाल्याला याचा उपयोग काय, तर पाण्याचा. तळं जुलैत भरतं आणि बाजारात त्याच सुमारास जिरं, म्हणजे अंड्यातून नुकती फुटलेली पिल्लं, येतं. ते बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत पावसाळा सरत येतो, पुढे थंडीत वाढ मंदावते आणि उन्हाळ्यात पाणी आटतं. जुलैत हातात जिऱ्याऐवजी बोटुकली पडली तर तो सगळा वेळ वाचतो. वीज आणि हीटरचा खर्च वजा जाता हे परवडेल का, हा हिशेब बीजकेंद्रागणिक वेगळा येईल. उजनीतल्या चिलापीला मात्र यातलं काहीच लागत नाही. पाणी कोमट असेल तर ती वर्षात केव्हाही वितेल. तिच्या शेतीत प्रश्न पिल्लं कशी मिळवायची हा नसून कशी थांबवायची हा असतो.

परत शीळफाट्याला येऊ. इथे आता रात्र अशी उरलेली नाही. हायमास्ट, गोदामांचे फ्लडलाइट, टॉवरांच्या कुंपणावरचे दिवे, आणि त्यांच्या मध्ये अजून तग धरून असलेली डबकी, ओढे, गावतळी. बर्लिनच्या संशोधकांनी पर्च माशावर पाहिलं, की रात्रीच्या केवळ एक लक्स उजेडानंही मेलॅटोनिन दबतं. एक लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या चार-पाच पट, पण रस्त्यावरच्या दिव्याखाली पडतो त्याच्या पासंगालाही न पुरणारा. पुढे त्यांनी ग्रामीण भागातल्या कालव्यांवर प्रत्यक्ष रस्त्याचे दिवे लावले, तेव्हा पर्च आणि रोच या दोन्ही माशांत प्रजनन संप्रेरकांची पातळी घसरलेली आढळली. त्यावरून शीळच्या शिंगीचं भविष्य वर्तवता येत नाही, तिच्यावर ऊन-पाण्याचा जोर अधिक आहे हे आपण पाहिलंच. पण नॉर्वेत मोजूनमापून लावतात तोच दिवा आपण इथे न मोजता लावला आहे.

ज्या सोसायटीची भिंत तळ्याला किंवा ओढ्याला लागून आहे, तिनं एवढं करावं. पाण्याकडे तोंड केलेल्या दिव्याला वरून टोपी घालावी आणि फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत तो रात्री अकरानंतर बंद ठेवावा. विजेचं बिलही कमी येईल.