दार मीच उघडलं होतं...

जुलैतला शुक्रवार. बाहेर धो-धो पाऊस. सकाळचे साडेसहा वाजले आणि रोजच्यासारखा गोट्या दारापाशी जाऊन ओरडायला लागला. मी अर्धवट झोपेत उठले, दार उघडलं, तो शेपटी वर करून जिना उतरला आणि मी परत अंथरुणात. गेली तीन वर्षं हेच रुटीन. साहेब खाली जायचे, सोसायटीत फेरफटका मारायचे, वॉचमनकाकांच्या खुर्चीवर थोडं बसायचे आणि आठच्या ठोक्याला नाश्त्यासाठी हजर!

त्या दिवशी आठ वाजले, सव्वाआठ झाले. पाऊस आहे, कुठेतरी आडोशाला बसला असेल, असं म्हणून मी चहा टाकला. साडेआठच्या सुमाराला इंटरकॉम वाजला.

"ताई, जरा खाली या."

वॉचमनकाकांचा आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. पार्किंगमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका उभे होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गाडीचं दार तसंच उघडं. पावसापासून वाचायला गोट्या त्यांच्या गाडीच्या चाकावरच्या पोकळीत जाऊन झोपला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी सुरू केली, रिव्हर्स घेतली... "मला दिसलाच नाही गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

टॉवेलमध्ये गुंडाळून मी त्याला रिक्षात घेतलं. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांकडे पोहोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या काकांवर चिडून होते. लिफ्टमध्ये दिसले तर जिन्याने जायचे. पण रात्री झोप लागेना, तेव्हा एकच गोष्ट डोक्यात फिरायची. काका रोज साडेआठला गाडी काढतात, त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. दार मात्र मी उघडलं होतं. रोज, स्वतःच्या हाताने.

मोकळं म्हणजे सुखी?

'मांजराला कोंडून ठेवायचं नसतं', 'कुत्र्याला जरा मोकळं सोडावं, नाहीतर चिडकं होतं' ही वाक्यं ऐकतच आपण सगळे मोठे झालो. माझ्या आजीच्या सांगलीच्या वाड्यात मांजर म्हणजे घरातलं एक स्वतंत्र संस्थान होतं. कधीही यायचं, कधीही जायचं, दूध प्यायचं, उंदीर मारायचं. मलाही वाटायचं, मांजराचं आयुष्य असंच असावं.

गोट्या गेल्यावर आईशी बोलताना सहज विषय निघाला. ती म्हणाली, "अगं, पण ते एकच मांजर कुठे होतं? दर दोन-तीन वर्षांनी वेगळं असायचं." खरंच की! रंग बदलायचा, नाव मात्र 'मनी'च. आधीच्या मनीचं काय झालं, हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही आणि मोठ्यांनी कधी सांगितलं नाही.

वाड्याच्या बाहेर तेव्हा बैलगाड्या आणि सायकली होत्या. आपल्या गेटबाहेर काय आहे, ते तुम्हीच आठवून बघा.

खाली काय काय असतं...

पहिला नंबर अर्थातच गाड्यांचा. पावसाळ्यात कोरडी आणि थंडीत उबदार जागा म्हणून मांजरं बॉनेटखाली आणि चाकांवर जाऊन बसतात. गाडी चालवणाऱ्याला ती दिसणं शक्यच नसतं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही, तो म्हणजे उंदरांचं औषध. आपल्या सोसायटीत नसेल, तर शेजारच्या सोसायटीत किंवा कोपऱ्यावरच्या गोडाऊनमध्ये ते ठेवलेलं असतं. काही औषधांमुळे रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. गंमत म्हणजे, गंमत कसली, भीती म्हणजे, प्राणी पहिले दोन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून रक्त येतं. या प्रकारच्या विषावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. आणि दिवसभर बाहेर असलेल्या प्राण्याने काय खाल्लं, हे आपल्याला कळणार कसं?

तिसरं आजारपण. कुत्र्यांचा पार्वो आणि मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हे व्हायरस मातीत, पायऱ्यांवर कित्येक महिने टिकून राहतात. गवतातल्या गोचिडांमुळे टिक फीव्हर होतो. बोक्यांच्या मारामाऱ्यांमध्ये चावे बसतात, जखमा चिघळतात आणि चाव्यातूनच एफआयव्ही हा विषाणूही पसरतो. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे रेबीज. लक्षणं दिसायला लागली की प्राणी असो वा माणूस, जगण्याची आशा जवळपास नसतेच. लस न घेतलेला, बाहेर हिंडणारा लाडका प्राणी घरी येतो तेव्हा रेबीजचा धोका तुमच्या बेडरूमपर्यंत येतो.

आम्हा ठाणेकरांना आणि बोरिवली, मुलुंड, आरेवाल्यांना आणखी एक शेजारी आहे, तो म्हणजे बिबट्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना हे नवीन नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला होता, तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीच्या भागात राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. दुसरा नंबर मांजरांचा, १५ टक्के. शेळ्या त्यांच्याही नंतर! रात्री अंगणात मोकळा सोडलेला कुत्रा हा बिबट्याच्या दृष्टीने 'पेट' नसतो, एवढं यातून समजलं तरी पुरे.

आणि नाण्याची दुसरी बाजूही आहेच. आपला गोंडस बोका बाहेर जाऊन चिमण्या, दयाळ, सरडे मारतो. नसबंदी न केलेली भाटी बाहेर गेली तर नऊ आठवड्यांत पिल्लं होतात आणि त्यातली बरीचशी त्याच पार्किंगमध्ये संपतात. म्हणजे आपल्या प्रेमाची किंमत दुसरंच कुणीतरी चुकवत असतं.

घरात आहे, पण खिडकी उघडी आहे

"आमची मांजर बाहेर जातच नाही, आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो," असं म्हणणाऱ्यांनीही लगेच निःश्वास टाकू नये. कबुतर दिसलं की मांजराला मजला दिसत नाही. उंचावरून पडून होणाऱ्या जखमांना डॉक्टरांनी 'हाय-राइज सिंड्रोम' असं नावच दिलंय. १९८७मध्ये न्यू यॉर्कमधल्या डॉक्टरांनी अशा १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के मांजरं वाचली होती. हा आकडा सांगून 'मांजर पडलं तरी पायावरच उतरतं' असं म्हणणारे खूप भेटतात. पण जी जागच्या जागी गेली, ती दवाखान्यात पोहोचलीच नव्हती, हे कुणी सांगत नाही. आणि वाचलेल्यांच्याही छाती-फुप्फुसांना मार बसतो, जबडे आणि पाय मोडतात.

आपल्या खिडक्यांच्या ग्रिलमधून माणूस पडत नाही, मांजर आरामात निघतं. कबुतरांसाठी लावतात ती जाळी बाल्कनीला आणि खिडक्यांना घट्ट लावून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय.

बाणेरचा ब्रूनो आणि एक फोन नंबर

कुत्र्यांची गोष्ट थोडी वेगळी. पुण्यात आयटीत असलेला माझा एक कॉलेजमित्र त्याच्या लॅब्रॅडॉरला, ब्रूनोला, सोसायटीत कायम पट्ट्याशिवाय फिरवायचा. "तो माझ्या एका हाकेवर येतो यार," हा त्याचा ठरलेला डायलॉग. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गेटबाहेर फटाक्यांची माळ लागली आणि ब्रूनो सुसाट सुटला. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू येणार? ती दिवाळी मित्राने बाइकवरून बाणेर-बालेवाडी पालथं घालण्यात घालवली. तिसऱ्या दिवशी एका पंक्चरवाल्याचा फोन आला. ब्रूनोच्या गळ्यात दीडशे रुपयांचा पत्र्याचा बिल्ला होता आणि त्यावर नंबर होता, म्हणून!

हल्ली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिपही कातडीखाली बसवून मिळते. तिच्यात १५ आकडी नंबर असतो, स्कॅनर फिरवला की तो दिसतो. पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे, ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. शिवाय नंबरासोबत तुमचा चालू फोन नोंदवलेला नसेल तर तिचा उपयोग शून्य. त्यामुळे चिप असली तरी बिल्ला हवाच.

मांजर हरवलं तर मात्र शोधायची पद्धत बदला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरवलेल्या १,२१० मांजरांची माहिती गोळा केली होती. जी सापडली, त्यातली तीन-चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. म्हणजे बाइक काढून शहरभर फिरण्याआधी टॉर्च घ्या आणि शेजारच्यांचे पोटमाळे, मीटर रूम, गाड्यांखालच्या जागा, बंद गॅरेजेस बघा. घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही, गप्प बसून राहतं. रात्री उशिरा, वर्दळ कमी झाल्यावर शोधलं तर सापडण्याची शक्यता जास्त.

दुःखाला रजा नसते

गोट्या गेला त्या दिवशी संध्याकाळी मला एक लेख द्यायचा होता. मी फोन करून सांगितलं, ताप आलाय. मांजर गेलं म्हणून डेडलाइन पुढे ढकला, असं सांगायची लाज वाटली. ज्या एक-दोघींना खरं सांगितलं, त्यातली एक म्हणाली, "अगं, दुसरं आण ना!" तिचा हेतू चांगलाच होता. पण घरातलं माणूस गेलं तर असं कुणी म्हणेल का?

ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्याला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये एक नाव दिलं. मराठीत त्याला 'हक्क नाकारलेलं दुःख' म्हणता येईल. त्याला तेरावा नसतो, भेटायला कुणी येत नाही, ऑफिसात रजेचा कॉलम नसतो. आणि प्राणी आपल्या चुकीने गेला असेल तर त्यात अपराधीपणाची भर. अशा वेळी घाईघाईने 'मूव्ह ऑन' होण्यापेक्षा नीट निरोप द्या. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची दाहिनी २०२३मध्ये सुरू झाली. इतर ठिकाणी आपल्या डॉक्टरांना विचारा, जवळची सोय त्यांना माहीत असते. आणि ज्याला कुत्र्या-मांजरांचं वेड आहे, अशा एका तरी मित्राशी पोटभर बोला. रडू आलं तर रडा. बाकी मंडळी हसली तर हसू देत.

एवढं तरी कराच!

- मांजर घरातच ठेवा. खिडक्या-बाल्कनीला जाळी, चढायला उंच फळी आणि रोज पंधरा-वीस मिनिटं खेळ. एवढं मिळालं की बाहेरची आठवण हळूहळू कमी होते.
- कुत्रा कितीही शहाणा असला तरी रस्त्यावर आणि सोसायटीत पट्टा हवाच. दिवाळीत आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवसांत दुपारीच फिरवून आणा.
- रेबीजसह सगळ्या लसी वेळेवर द्या. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून पिल्लू लहान असतानाच ठरवा.
- कुठलाही प्राणी चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.
- विषाची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचं पाकीट मिळालं तर सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.
- रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हे आजच शोधून नंबर सेव्ह करा.

गोट्याला जाऊन आता वर्ष होईल. मार्चमध्ये त्याच पार्किंगमध्ये एक काळं-पांढरं पिल्लू सापडलं, ते घरी आलंय. जाळी लावून घेतलीय. पहिला महिनाभर तीही दाराशी जाऊन ओरडायची आणि माझा जीव तुटायचा. दार काही मी उघडलं नाही. आता ती सकाळी खिडकीतल्या फळीवर बसून खालची गंमत बघते.

आणि हो, चौथ्या मजल्यावरच्या काकांशी मी पुन्हा बोलायला लागले. मीच जाऊन बेल वाजवली. ते रोज साडेआठला खाली येतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात, वाकून चाकांकडे बघतात आणि बॉनेटवर जोरात दोन थापा मारतात. मगच किल्ली फिरवतात. त्या थापा दुसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतात.