टिपऱ्यांच्या घरात खलनायक नव्हता

2001 साली मराठी वाहिन्यांवर दोन मालिका सुरू झाल्या. दोन्हींचा विषय एकच होता: एका घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांचं आपसात कसं जमतं आणि कुठे बिनसतं. ई टीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. अल्फा मराठीवरची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा लागायची आणि काही वर्षांत संपली. पुढे वाहिन्यांनी उचलली ती पहिलीची रीत. तरीही घरातला ताण खरा कसा असतो हे दुसरीनेच अधिक नेमकं दाखवलं, आणि ते तिला विनोदामुळे जमलं, असं माझं ठाम मत आहे.

रोज पुढे ढकलायच्या कौटुंबिक नाट्याला कट करणारं कुणीतरी लागतं. सासू, जाऊ, नणंद, कुणीही चालतं. दोष तिच्यावर टाकला की बाकीचे सगळे सुटतात. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून आलेल्या आणि केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेल्या ‘टिपरे’त ही सोय नव्हती. निवृत्त आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका, एवढीच माणसं. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर, आणि म्हणूनच खटके उडायचे. प्रेक्षकाला दोन्ही बाजू एकाच वेळी दिसत. हसू यायचं ते त्यामुळे. (1970च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकरांनी चिमणराव साकारला होता. तिथेही माणूस फजित व्हायचा, पण दुष्ट ठरत नव्हता.)

वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना याचा अर्थ लवकर कळावा. 1982च्या गिरणी संपानंतर आणि लालबाग-गिरगावातल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्यावर कितीतरी मराठी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली. विरारहून चर्चगेट 60 किलोमीटर. वन रूम किचनमध्ये वडील हॉलमध्ये झोपतात, टीव्हीही तिथेच. मुलगा रात्री दहाला विरार लोकलमधून उतरून घरी येतो, तेव्हा वडिलांचा नुकताच डोळा लागलेला असतो. स्वयंपाकघरातला दिवा लावावा तर उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडतो. सून ताटावरचं झाकण काढते, ते ओट्यावर आपटतं, वडील कूस बदलून खाकरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी कुणी कुणाशी बोलत नाही. यात गुन्हेगार कोण? कमी पडलेली जागा आणि लांबलेला प्रवास यांना मालिकेत खलनायक करता येत नाही. विनोदाला मात्र ते झाकण पुरतं.

यावर पहिला आक्षेप असा की अर्ध्या तासात मिटणारं भांडण खोटं असतं. पण ‘टिपरे’त स्वभाव बदलत नसत, मिटायचा तो त्या दिवसाचा खटका, आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसं नव्या कारणावरून अडायची. बहुतेक घरं अशीच चालतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हसण्यावारी नेलं की अन्यायही खपून जातो. 2004 साली सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’त माया सुनेला, मोनिशाला, मध्यमवर्गीय म्हणून सतत टोचते आणि आपण मायाच्या शब्दांवर खूश होतो. हा धोका खरा आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना उपाशी ठेवणारा मुलगा विनोदाचा विषय नाही. त्यासाठी 2007चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. पण छळ वेगळा आणि रोजचं घासणं वेगळं. दुसऱ्याला पहिल्याचा रंग देणाऱ्या मालिकांनी प्रेक्षकांना स्वतःच्या घरातही शत्रू शोधायला शिकवलं, हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

‘टिपरे’ची मर्यादा वेगळी होती: तिथली भांडणं मालमत्तेपर्यंत फारशी गेली नाहीत. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या वाड्या आणि बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, अजून उरली आहेत तिथे, भावंडांमधला अबोला पुष्कळदा सातबाऱ्यापाशी सुरू होतो. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क 2005च्या दुरुस्तीने दिला. तरी भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र सरकवलं जाऊ शकतं. वाडी राखणारा भाऊही राबलेला असतो, बहिणीचा वाटाही खरा असतो. दोघांनाही बरोबर ठेवून हा प्रसंग रंगवणारी विनोदी मराठी मालिका माझ्या पाहण्यात नाही. ती कुणीतरी लिहावी, आणि तिचं घर वसईतच असावं.